भांडून मिळवलेली सकाळची शाळा

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तू गेल्यापासून तुला काही लिहावं असं खूपदा वाटलं, पण लिहायला बसलं की रडगाणंच सुचायचं, आणि रडगाणं तुला कधी चालायचं नाही. काल मात्र रुबीना आली. सलीमभाई टेलरची धाकटी, आठवते ना? आपल्या मुकुंदवाडीच्या घरी पेढे घेऊन तुला शोधत आली. तिला शिक्षिकेची नोकरी लागली, आणि तीही लहानपणी ती ज्या उर्दू वर्गात शिकली त्याच वर्गावर! तू उन्हाळ्यात गेलीस हे तिला ठाऊकच नव्हतं. दारातच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "वकीलबाई असत्या तर पेढा घ्यायच्या आधी मला कायदा विचारला असता." आम्ही दोघी खूप हसलो. आता एवढी चांगली बातमी तुला कुणी कळवायची?

तो वर्ग बंद व्हायला निघाला होता ते वर्ष आठवतं? केवढा दुष्काळ! खेड्यापाड्यांतून माणसं शहरात आली होती. आपल्या गावची, देवगाव रंगारीचीही कितीतरी. एकीकडं नवे बंगले उठत होते, दुसरीकडं त्याच बंगल्यांवर काम करणाऱ्यांची पत्र्याची घरं. शाळा मात्र होती तेवढीच. नव्यानं आलेली लेकरं व्हरांड्यात बसायची, व्हरांडा भरला की अंगणात, उन्हात.

शाळा समितीचे अध्यक्ष जोशीकाका, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तोडगा काढला. उर्दू वर्गात मुलं थोडी आहेत, त्यांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवा आणि ती खोली दुष्काळातल्या मुलांना द्या. सलीमभाई तुझ्याकडं आले. खरं तर ते भांडायला तयारच नव्हते. "जाने दो वकीलबाई, हम थोडे लोग हैं," असंच म्हणत होते. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "थोडे हैं, इसीलिए तो कायदा है."

मग ती बैठक. शाळेचं अंगण गच्च भरलेलं, मी तुझ्या शेजारी. तू आधी संविधान सांगितलंस. मग जगातल्या देशांनी मिळून मुलांच्या हक्कांचा करार केलाय, तो आपल्या देशानंही मान्य केलाय, त्यात लहान समाजाच्या लेकरांच्या भाषेचा हक्क लिहिलाय, हे सांगितलंस. मागून कुणीतरी ओरडलं, बाहेरच्या लोकांचे नियम आमच्या शाळेत कशाला? निम्मी बैठक टाळ्या वाजवायला लागली.

तू पदर खोचलास. तुझी कोर्टातली भाषा गेली आणि गावची आली. "चार गावच्या पाहुण्यांपुढं आपण सुपारी फोडली. आता घरी येऊन म्हणता, पाहुणे बाहेरचे हायेत, त्यांचं काय ऐकायचं? आवं, शब्द पाहुण्यांचा नाय, आपला हाय."

मला वाटलं, जिंकलो! पण जोशीकाका उठले. आवाज न चढवता म्हणाले, "शब्द पाळायचा, मान्य. पण उन्हात बसलेल्या या लेकरांना कुणी शब्द दिलाय का, वकीलबाई?"

तू खोचलेला पदर सोडलास आणि खाली बसलीस. घरी येताना एवढंच म्हणालीस, "माणूस लई चुकीचा, पण प्रश्न बरोबर."

दुसऱ्या दिवशी तू सरळ त्यांच्या घरी गेलीस, मला घेऊन. काकूंनी पोहे केले आणि तुम्ही दोघांनी त्या गरम पोह्यांना हात न लावता वाद घातला. खोली कुणाची यावर तासभर भांडल्यावर काकूच म्हणाल्या, "अहो, खोली दुपारी रिकामीच असते ना?" तेव्हा कुठं तुम्ही दोघांनी पोह्यांच्या बशा उचलल्या. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. एवढं सोपं होतं, पण भांडणाच्या नादात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मंजुरीसाठी तू जोशीकाकांच्या स्कूटरवरून शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलीस. क्रांती चौकात मी मागून रिक्षानं येत होते. सिग्नल सुटला तरी स्कूटर हलेना. काका मान मागं वळवून तुला सांगत होते की मोठे देश स्वतः करार मोडतात आणि आपल्याला उपदेश करतात. तू काळ्या कोटात, मागच्या सीटवरून, "म्हणून काय आपण बी मोडायचा?" असं विचारत होतीस. मागं सगळा चौक हॉर्न वाजवत होता. आत्या, तेव्हा तू किती सुंदर दिसत होतीस, हे तुला सांगायचं राहिलंच.

मंजुरी मिळाली. पहिल्याच दुपारी फळ्यावर सकाळची उर्दू अक्षरं तशीच राहिलेली. दुष्काळातली पोरं ती उजवीकडून डावीकडं गिरवून बघायला लागली आणि आठवड्याभरात आपापली नावं दोन्हीकडून लिहायला शिकली. रुबीना म्हणते, तिचं नाव मराठीत पहिल्यांदा लिहून दिलं ते देवगावच्या एका मुलीनं.

एका गोष्टीसाठी मात्र रागावले आहे. काकांशी भांडायला तुझ्या जागी कुणी ठेवून गेली नाहीस ना! तुझ्या पुण्यानुमोदनाला जोशीकाका पांढरी फुलं घेऊन आले, बुद्धमूर्तीपुढं हात जोडले, आणि माझ्या कानात म्हणाले, "करारांबद्दल तिचं शेवटपर्यंत चुकतच होतं." आता ते दर रविवारी येतात आणि तुझ्या वाटचं भांडण माझ्याशी भांडतात. बहुतेक वेळा मीच हरते.

रुबीनानं काल आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या टॉवरांच्या कामावर बिहार आणि झारखंडातून आलेल्या मजुरांची लेकरं आहेत. ना त्यांना मराठी लिहिता-वाचता येतं, ना उर्दू. कुठल्याच वर्गात त्यांची नावं नाहीत. आज सकाळी जोशीकाकांना हे सांगितलं, तर म्हणाले, आपल्याच शाळेला खोल्या पुरत नाहीत, मी विरोध करणार. मी म्हटलं, करा. मी मात्र सोमवारी त्या मुलांच्या आयांना भेटायला जाणार आहे. तुला वचन देते, या लेकरांना वर्ग मिळेपर्यंत मी थांबायची नाही.

काका काठी उचलत म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचं? विरोध करायचा तर मुलं आधी बघायला नकोत का?"

तुझी भाची,
प्रज्ञा