जांभईसरशी उठणारा हात

बाबा, तुमच्यासारखाच पक्षाघाताचा झटका मलाही आला, त्याच डाव्या बाजूला. लेक मला म्हापशाला हाताच्या व्यायामाच्या यंत्रावर घेऊन जाते. हात पट्ट्यांनी त्यात बसवतात, समोरच्या पडद्यावर सफरचंद दिसतं, ते तोडून टोपलीत टाकायचं. माझा जोर कमी पडला की उरलेलं यंत्र ढकलतं. आपल्या डिचोलीत झाडाला लागलेलं सफरचंद कोणी पाहिलंय, पण मी मुकाट्यानं तोडते.

परवा पट्टे सोडल्यावर मला जांभई आली आणि मांडीवर पडलेला हात हळूहळू छातीपर्यंत वर गेला. माझ्या अंगावर काटा आला. व्यायाम घेणाऱ्या बाई मात्र खूश झाल्या. असं होतं म्हणाल्या, जांभईची वाट मेंदूत वेगळी असते. हात अजून पुरता गेलेला नाही, आता त्याला मोकळा ठेवायचा आणि कामाला लावायचा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलेले. खनिजाच्या ट्रकचा गिअर टाकणारा तुमचा हात निपचित पडलेला असतो, आणि जांभई आली की उठतो. तुम्हाला पेज भरवणारी आई वाटी टाकून मागे सरते. तुम्ही म्हणता, "हांवें न्हय उखल्लो. तो आपशींच वयर सरता." तुम्ही उचलत नाही, हात आपोआप वर जातो, हे ऐकून ती अधिकच घाबरली. देवळात जाऊन तिनं कौल लावला, हातात काही शिरलंय का विचारलं, आणि मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, म्हणजे हो. संध्याकाळी जुनं लुगडं फाडून तिनं तुमचा हात छातीशी बांधला. तुमच्यावर तिचा फार जीव, म्हणून गाठही घट्ट मारली.

तुम्ही एकदाच म्हणालात, "सोड गे ताका. कितें सांगता तें पळोवया."

हात काय सांगतो ते बघायला तिनं तो सोडला नाही. पुढं कोपर तसंच आखडलं आणि सरणावरसुद्धा हात छातीशीच होता. मला आता राग येतो, पण आईवर तो धरवत नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही. तरी तुम्हाला सांगायचं होतं की त्यात कोणी शिरलं नव्हतं, तो तुमचाच हात होता. एवढं मला आता पक्कं ठाऊक आहे. आणि तरीही आज सकाळी चहा पिताना जांभई आली, हात वर यायला लागला, तेव्हा मी उजव्या हातानं तो दाबून धरला आणि खाली जाईपर्यंत सोडला नाही.