हेल्मेट माझ्याकडेच राहिलं

शुक्रवार, संध्याकाळ. मनामा, बहरीन

पुन्हा तेच. धाकटा गण्या फोनवर म्हणतो, "दादा, हेल्मेट भित्रे घालतात." क्रिकेटचा चेंडू तुला ओळखतो काय रे?

आज आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात खालिद डोक्यावर आपटला. उठला, तो समोरच्या टीमच्या बाकाकडे चालला. टीमचं सामान मी सांभाळतो. कोचचा नियम आहे, डोक्याला मार बसला की त्या खेळाडूचं हेल्मेट माझ्याकडे. म्हणजे परत मैदानात जाणं बंद. खालिद माझ्या दुप्पट. "यल्ला, दे इधर." मी हेल्मेट पोटाशी धरलं. "खलास भाई, आज मफी, खेळणं नाही." शिव्या दिल्या त्यानं. पण नाहीच दिलं. सामना हरलो, तरी कोचनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझी, सातवी नापासाची. अजून पोटाशी हेल्मेट असल्यासारखं वाटतंय.

गण्या, भित्रा म्हण नाहीतर काहीही म्हण. हेल्मेटसाठी पाठवतोय, पंधरा दिनार.