टेकू काढायची घाई

भूम, सोमवार, दिवेलागणीची वेळ

लिही गं सुमे, मधीच हसू नको. तुझ्या भावाला, आमच्या इंजिनेर महेशला, आज घास गिळंना. शाळेच्या नव्या खोलीवर परवा स्लॅब टाकला. तो वाळून घट्ट होईस्तवर खालचे टेकू काढायचे न्हायत. अन् बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार म्हणतो, "उद्या साहेब फीत कापणार, टेकू काढून टाक. फोटोत वंगाळ दिसतेत."

फोटोत! शिसारी आली मला.

म्या महेशला इचारलं, "साहेबाची खुर्ची कुठं मांडलीय?"

"बाहेर, मांडवात."

"अन् लेकरं?"

"आत, स्लॅबखाली. स्वागताचं गाणं म्हणायला."

थू! म्हंजी त्या मेल्या गुत्तेदाराला समदं कळतंय की.

महेश म्हणाला, "न्हाय म्हणलो तर नोकरी जाईल, आज्जी. दुसरा इंजिनेर आणून टेकू काढतील."

"मग तिथंच जाऊन बस, टेकूपाशी. नोकरी गेली तर माझ्या शेळ्या राख. त्या फोटो काढा म्हणत न्हाईत."

कसाबसा हसला. गाडीला किक मारली अन् शाळेकडं गेला.

सुमे, पुरं कर आता. घोंगडं काढ, आपुनबी तिथंच बसू. म्हातारीला टेकूपासनं वढायला कोण येतंय, बघतेच.