शेवटच्या खुर्चीवरून दिसेल असं नाव

२ फेब्रुवारी
माझ्या सदूच्या रुचिताचं रिसेप्शन सोळा तारखेला, बेव्हर्ली पार्कच्या हॉलात. मोठ्या स्क्रीनवर आशीर्वाद देणाऱ्यांची नावं येणार. नातू अभिनव करतोय. वीस नावं, माझं पहिलं! आनंदात चहात दोनदा साखर घातली. शुगर आहे मला, पण नातीचं लग्न काय रोज होतं?

३ फेब्रुवारी, सकाळी
अभिनवने टीव्हीवर नावं लावली. मी दार उघडं टाकून पार लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. नुसत्या मुंग्या! माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चौथी पास मी, एकेक अक्षर जोडून वाचते, तोवर पान पळतं. सांगितलं, शेवटच्या खुर्चीवरच्या बाईला चष्म्याशिवाय दिसायला हवं. म्हणाला, आजी, अक्षर मोठं केलं की नावं कमी करावी लागतील. म्हटलं, कर. नाहीतरी सगळे दोन-दोन आइस्क्रीम खाणारेच.

६ फेब्रुवारी
डोंगरीच्या सरूबाईला काढलं. मोठी जाऊ माझी. लग्नात माझ्या आईच्या लुगड्याला हसली होती. बावन्न वर्षं झाली, विसरले मी ते. आणि तिला वाचता कुठे येतं!
असं करत करत आठच नावं उरली. लिफ्टपाशी अजून अंधुकच. पिवळ्या अक्षरांमागचे गुलाब काढायला लावले, काळं पान केलं. सून मिनल म्हणाली, शुभकार्यात काळं? म्हटलं, मग दिसायला नको?

११ फेब्रुवारी
केबिन रोडला साडी फॉल-पिकोला दिली. दुकानदाराला म्हटलं, बडे परदे पे मेरा नाम आनेवाला है. म्हणाला, माँजी, साडी गुरुवार को मिलेगी. मेलं कौतुकच नाही कुणाला.
अभिनवने विचारलं, अजून मोठं? म्हटलं, कर. कोण गळतंय ते तू आणि तुझी आई बघा.

१६ फेब्रुवारी
पुढच्या खुर्च्या सदूच्या ऑफिसवाल्यांना. मला शेवटी, पंख्याखाली. शेजारी सरूबाई.
स्क्रीन लागला. चारच नावं. सदू, मिनल, व्याही, विहीण. अक्षरं ताटाएवढी.
सरूबाई हवेत बोट फिरवत एकेक अक्षर वाचत गेली. नातीने शिकवलंय म्हणे. मग मोठ्याने म्हणाली, सुगंधा, तुजं नाव न्हाय गं.
अभिनवला खुणेने बोलावलं. म्हणाला, चारच बसतात आजी, तूच मोठं कर म्हणालीस. आई म्हणाली, आजीला चालेल.
डोळे मात्र चांगलेत माझे. चष्मा नव्हता, तरी सगळं स्वच्छ दिसलं.