चहाची गाळणी

४ जून, सकाळ
लघवीच्या शेवटी पुन्हा फुर्र. नळाचं पाणी जाताना हवा येते, तसा आवाज. मग बुडबुडे. कारण स्पष्ट आहे: सोडा. संकल्प: आजपासून सोडा बंद. कायमचा.

४ जून, संध्याकाळ
मेहुण्याकडे गेलो होतो. अर्धा ग्लास सोडा घेतला. आग्रहाला मान द्यावा लागतो.

९ जून
ताप. या वर्षातला चौथा. लघवी गढूळ, वास लिहिण्यासारखा नाही. सर्जनकडे चला म्हणून हिने भुणभुण लावली आहे. मी म्हणालो, शाळेत फेरपरीक्षा तोंडावर आल्यात. कॉपी पकडणारा माणूसच झोपला तर पोरं मोकाट सुटतील.

११ जून
शेवटी गेलो. सर्जनबाई तरुण निघाल्या. म्हणाल्या, मी तुमच्याच शाळेतली, सर. दहावीच्या पेपरला तुम्ही माझी कंपासपेटी सगळ्यांसमोर रिकामी करायला लावली होतीत. मला आठवेना, पण बरं वाटलं. शिस्त लक्षात राहते.
तपासून म्हणाल्या की आतडं सुजून मूत्राशयाला चिकटलं असावं आणि मध्ये भोक पडलं असावं. त्यातून हवा आणि घाण मूत्राशयात येते. म्हणजे माझ्याच पोटात दोघांचं संगनमत चालू आहे आणि मला पत्ता नाही! इतकी वर्षं पर्यवेक्षण केलं ते काय उगाच?
सीटी स्कॅन करा म्हणाल्या. साफ नकार दिला. मग ऑपरेशनचं सांगू लागल्या. आतड्याचा खराब तुकडा काढायचा, मूत्राशय शिवायचं. सूज फार असेल तर काही महिने पोटावर पिशवी, शौचाची. पिशवी म्हटल्यावर मला पुढचं ऐकू आलं नाही. ही मात्र सगळं ऐकत होती. जंतू रक्तात गेले तर माणूस जातो, असंही बाई म्हणाल्या म्हणे.
घरी येईपर्यंत ही गप्प होती. माझा मुद्दा पटला असावा.

१२ जून
तडजोड. हिने बाईंना फोन करून ठरवली. दह्यात भरपूर खसखस कालवून खायची आणि दोन दिवस लघवी गाळून बघायची. लघवीत खसखस आली तर भोक आहे. नाही आली तर पुन्हा बोलू, असं बाई म्हणाल्या. याचा अर्थ सुटका.
रात्रभर पिशवी डोळ्यांपुढे. पेपर चालू आहे, वर्गात चिडीचूप, आणि पोटावरून आवाज येतो. चाळीस माना वर. भीती वाटली. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१३ जून, सकाळ
ही वाटी देऊन आत गेली. मी बाल्कनीतल्या कोरफडीच्या कुंडीत ती रिकामी केली, वर माती सारली. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ठणठणीत माणसाने खसखस कशाला वाया घालवावी? कॉपी करणारा सापडतो तो चेहऱ्यामुळे. मी चेहरा कोरा ठेवला.

१३ जून, दुपार
सगळं खाल्लंत का, असं हिने विचारलं. चाटूनपुसून, म्हणालो. मग ती कोरफडीला पाणी घालायला गेली. बराच वेळ घालत होती. झाडांचं फार करते.

१३ जून, संध्याकाळ
नव्या बेकरीचा पाव. वर तीळ, पण इतके बारीक की बेकरीवाल्याची काटकसर दिसून येते. ही शेजारी बसून एकेक तुकडा लोणी लावून देत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर हे असं प्रथमच. सहा खाल्ले. तिने एकही घेतला नाही.

१४ जून, सकाळ
गाळणीत काही नाही. म्हटलंच होतं. न्याहारीला पुन्हा तोच पाव.

१४ जून, संध्याकाळ
गाळणीत बारीक पांढरे कण. रेती. टाकीच्या पाण्याचा दोष. संकल्प: टाकी धुऊन घेणे. गाळणी मोरीत ठेवून टाकीवाल्याला फोन करायला गेलो. परत येतो तर गाळणी नाही. हीसुद्धा नाही.

१५ जून
पहाटे थंडी वाजून ताप. दात कडकड वाजत होते. हिने रिक्षात घालून नेलं. सर्जनबाईंच्या टेबलावर आमची चहाची गाळणी! बाईंनी विचारलं की ही खसखसच ना. मी म्हणालो, शक्य नाही, मी तर खाल्लीच नाही. म्हणालो आणि कळलं.
हिने कुंडीचं सांगितलं, पावाचंही सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या कंपासपेटीत काहीच सापडलं नव्हतं, सर.
मग ही रडायला लागली. बाईंसमोर. पिशवी लागली तर लागू दे, मला पिशवीसकट चालेल, पण माणूस हवा, असं म्हणाली. मी सीटीला हो म्हणालो. खोली थंड होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

२३ जून
अक्षर वाकडं. ऑपरेशन झालं. वीतभर आतडं गेलं, मूत्राशय शिवलं. दोघांच्या मध्ये पोटातल्याच चरबीचा पडदा सरकवून ठेवला आहे, पुन्हा संगनमत नको म्हणून. परीक्षेत आम्ही हेच करतो. मी सुचवणारच होतो.
सूज फार होती. आधी आला असतात तर पिशवी कदाचित टळली असती, असं बाई म्हणाल्या. पिशवी लागली.

३ जुलै
घरी. लघवीची नळी अजून आहे. संकल्प: पिशवी हिला न कळता स्वतः बदलणे. व्हिडिओ पाहिला. पोरखेळ आहे.

३ जुलै, नंतर
पायजमा, चादर, गादी. हिला हाक मारली. तिने सगळं आवरलं. मला पुसलं, नवी पिशवी बसवली. मी व्हिडिओ बंद केला.

८ जुलै
सकाळी हॉस्पिटलात नळी काढली. दुपारी घरी पहिली लघवी. कान देऊन ऐकलं. फुर्र नाही. बुडबुडा नाही. सोडा बंद केल्याचा परिणाम.
दार उघडलं तर ही बाहेर भिंतीला टेकून, कान लावून उभी. काही नाही, म्हणालो. ती तिथेच खाली बसली. मीही सावकाश बसलो.
तेवढ्यात पिशवी वाजली. फुर्र. लांबलचक.
हिने विचारलं की मघाशी मेहुणा आला होता, तेव्हा सोडा प्यायलात का.
मी चेहरा कोरा ठेवला. उपयोग झाला नाही.