दारावरचा हात

पिंपरी,
शुक्रवार, १८ एप्रिल १९५२

तीर्थरूप आईस मिलकाचा शालोम.

वल्हांडणाला आमच्या दारावर लावलेला कागद वाऱ्याने उडाला, असं मी मागे लिहिलं होतं. ते खरं नाही. बाबांनी घरी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तेव्हा चुकलेलं पुसायलाही शिकवलं होतं.

बकऱ्याच्या रक्तातला माझ्या हाताचा तो छाप बघून समोरच्या ईश्वरीबाईंनी कागद फाडला. त्या फाळणीत सिंधहून आल्यात. म्हणाल्या, "हमारे उधर भी पहले दरवाजे पर निशान लगा, फिर लोग आए."

आपला बेने इस्राएल ज्यूंचा सण या चाळीत कुणाला ठाऊक नाही. शेजारचे चांदभाई मुसलमान, म्हणून सगळ्यांनी आळ त्यांच्यावर घेतला. मालक त्यांना खोली खाली करायला सांगतायत.

त्यांच्या ताजुन्निसाभाभीने मला छाप उठवताना पाहिलं होतं. तरी तिने माझं नाव घेतलं नाही. नुसती म्हणाली, "ह्यांना सायकलचं पंक्चर धड चिकटवता येत नाही, कागद कुठला चिकटवतात!"

मी तिथेच उभी होते.

हे म्हणतात, "बोलू नकोस, इथे आपलं एकच घर आहे." मलाही फार भीती वाटते, आई. जेवण जात नाही. तुझे गुडघे कसे आहेत? माझी काळजी करू नकोस.

चाळीची बैठक ठरली आहे. तिथे सगळ्यांसमोर शाईत हात बुडवून मी तसाच छाप उठवून दाखवणार आहे, परवा रविवारी, वीस तारखेला, सकाळी नऊ वाजता.

तुझी मिलका