उभ्या गाडीचा विमा

मी, रतिलाल सुकलाल महाजन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार भडगाव, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून वा दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोके शाबूत आहे. गावात मला नाना म्हणतात. भाऊबंदकीची भांडणे मिटवायला लोक माझ्याकडे येतात. हा मजकूर वाचल्यावर येणे थांबवतील, आणि थांबवावे.

कलम १. राहते घर माझ्यामागे माझी पत्नी लताबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. त्यानंतर ते मुलगा किरण याचे. लताबाईला नाशिकला नेण्याची घाई किरणने करू नये. तिला तिथे करमत नाही, हे ती त्याला तोंडावर सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

कलम २. गिरणाकाठची सर्व शेती किरणची. कपाशी लाव की केळी लाव, पण बांध कोरू नकोस. शेजाऱ्याची वीतभर जमीन मी एकदा कोरली होती. मोजणीत उघडे पडले, तेव्हा हसून वेळ मारून नेली होती.

कलम ३. अवजारे, फवारणीचा पंप व पाण्याची मोटर किरणकडे जातील. लोखंडी शिडी मेहुणे छगन यांच्याकडे बारा वर्षांपासून आहे. ती त्यांनाच दिली असे समजावे. मात्र ही शिडी आपलीच आहे असे ते चारचौघांत सांगतात, ते खोटे आहे, एवढी नोंद इथे राहू द्यावी.

कलम ४. शेडमधली पांढरी मोटार. ती मी २०११ साली घेतली. २०१६ साली विकायला काढली आणि आजतागायत ती विकली गेली नाही. तरीही, एक खाडा सोडला तर, दरवर्षी मी तिचा विमा भरतो. जी गाडी जागची हलत नाही तिचा विमा नाना कशाला भरतात, म्हणून गाव हसते. विम्याचे काम करणारा ललित मात्र कधी हसला नाही. त्याचे कारण पुढे लिहितो. लिहिताना लाज वाटते, पण आता लाज बाळगायचे वय राहिले नाही.

२०१६च्या फेब्रुवारीत विम्याची मुदत संपली. ललित दोनदा घरी आला. गाडी उभी असली तरी विमा चालू ठेवा, असे त्याने समजावून सांगितले. मी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावले. "उभी गाडी कोणले धडक देस रे?" हे माझे शब्द. चार माणसे बसली होती, तीही हसली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला संपते. त्या दिवशी तो मोकळा असतो, पटले तर नवे साल धरतो, नाहीतर दुसरा मालक बघतो. माझा सालदार मगन आदल्या दिवशी गाडी धुऊन, चाकाला दगड लावून घरी गेला होता. अंगणातून फाटकाकडे उतार आहे आणि हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून तो दगड कायम लागे. सकाळी पाचोऱ्याचे गिऱ्हाईक आले. गाडी चालवून दाखवा म्हणाले. मी दगड काढला आणि पुलापर्यंत फेरी मारून आणली. गिऱ्हाईक गेले. गाडी होती त्या जागी लावली. घरात पितरांच्या नैवेद्याची आगारी विस्तवावर टाकायची खोळंबली होती, आमरसाचा वास येत होता. दगड लावायचा राहिला.

मगनची बायको धुरपदाबाई सणाचे ताट न्यायला आलेली, फाटकाजवळ बसली होती. गाडी सरकली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

पंचनाम्याच्या वेळी मला विचारले. गाडी मी चालवली असे सांगितले असते, तर विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढली हेही कबूल करावे लागले असते. मी म्हणालो, गाडी कालपासून काढलीच नाही, मगनने काल दगड नीट लावला नसेल. मगन समोर उभा होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिले आणि म्हणाला, "मनी चूक व्हयनी, नाना."

धुळ्याच्या दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. सालदाराच्या बायकोसाठी कोण एवढे करतो, असे लोक म्हणाले आणि मी ते ऐकून घेतले. ती आजही काठी घेऊन चालते. बाकीचे सालदार आखाजीला घासाघीस करतात, मालक बदलतात. मगनने या दहा वर्षांत तोंड उघडले नाही. मी सांगेन त्या सालाच्या पैशावर तो राबला. असा सालदार नशिबाने मिळतो, असे मी पाहुण्यांना सांगत असे. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दगड मी काढला होता. मगनची काहीही चूक नव्हती.

कलम ५. पेठेतली दोन खोल्यांची जागा धुरपदाबाई मगन भिल हिची राहील. हे दान नाही. किरणने त्यावर हरकत घेऊ नये. मोटार भंगारात द्यावी. पण ती जाईपर्यंत विमा चालू ठेवावा.

हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून वकिलांकडे ठेवायचे मी ठरवले होते. मी गेल्यावर उघडले असते, म्हणजे मगनचे तोंड मला बघावे लागले नसते. लताबाईला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत होते. मीच तिला शपथ घालून गप्प केले होते. काल ती म्हणाली, "आनि तो तुमना पहिले मरना ते?"

म्हणून आज सकाळी मगन आणि धुरपदाबाई दोघांना बोलावून कलम चार आणि पाच वाचून दाखवले. मगन खाली बघत होता. आधी धुरपदाबाई बोलली.

"माले ठाऊक शे, नाना. गाडी तुम्हीच काढी व्हती. माले दिखनं."

लताबाईने विचारले, मग नवऱ्याला का नाही सांगितलेस?

"सांगं असतं ते यास्नी काम सोडी दिधं असतं. मना पायना इलाज कोन करता मंग?"

मगनने तिच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. मग तो उठला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "नाना, यंदा आखाजीले मी काम सोडी देसू."

मी बरं म्हणालो. थांब म्हणायचे फार मनात होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे. जागा धुरपदाबाईला जात असल्याने मगनला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली व माझ्यासमक्ष त्यांनी केली.

सही : रतिलाल सुकलाल महाजन

साक्षीदार :
१. ललित वामन सोनवणे, विमा प्रतिनिधी, भडगाव
२. गिरधर नथ्थू वाणी, किराणा दुकानदार, भडगाव

ठिकाण : भडगाव
दिनांक : १२ मार्च २०२६